पानोपानी ‘रद्द’

माझ्या टेबलाच्या खणात लाकडी मुठीचा एक शिक्का आहे. गिरगावातल्या एका शिक्केवाल्याकडून मी तो पदरचे पैसे घालून करून घेतला होता. त्यावर ‘रद्द’ एवढंच कोरलेलं आहे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल मी बहिणीला दिली, नारळ फोडून खाल्ला, घड्याळ तर तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. शिक्का मात्र टाकवत नाही. टाकून दिला तर मी सुटल्यासारखं होईल, आणि मला इतक्या स्वस्तात सुटायचं नाही.

परळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं पर्यावरण शिकवलं. विज्ञानाच्या मुलांना या विषयाची किंमत ताटातल्या लिंबाच्या फोडीइतकी. असली तर असली, नसली तरी जेवण होतं. पण याच विषयात एक फार चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे प्रकल्प. बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. बारावीच्या प्रत्येक मुलाने वर्षभरात एक प्रकल्प करायचा. विषय आपणच निवडायचा, आपल्या आसपास हिंडायचं, मोजायचं, माणसांना विचारायचं आणि प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळं लिहून फाईल जमा करायची. त्याला वीस गुण. बारा वर्षं ‘पुस्तकात काय लिहिलंय ते सांग’ म्हणणारी शाळा शेवटी एकदाच विचारते, ‘बाबा रे, तुला काय दिसलं?’ ज्याने हे काढलं त्याला माझा नमस्कार आहे. त्याचं आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं, त्याचा मात्र मला आजही संताप येतो.

लालबागच्या आमच्या बाजूला दिवाळी झाली की झेरॉक्सच्या दुकानांवर पाट्या लागायच्या, ‘बारावी प्रोजेक्ट तयार मिळतील’. जलप्रदूषण, ध्वनिप्रदूषण, ओला कचरा, सुका कचरा. चकचकीत कव्हर, आत नाव लिहायला ठिपक्यांची रेघ. मुलाने फक्त नाव घालायचं. काही जण तेवढेही कष्ट घेत नसत. एकाने आभाराच्या पानावर नाशिकच्या कुठल्याशा प्राध्यापकांचे मनःपूर्वक आभार मानले होते.

दुसऱ्या एकाने ‘आमच्या गावची नदी’ असा प्रकल्प दिला. फोटोत नदी होती, आणि नदीच्या मागे बर्फाचे डोंगर.

“गाव कुठलं रे तुझं?”

“राजापूर, मॅडम.”

“राजापूरला बर्फ कधीपासून पडायला लागला?”

पोरगा जराही न डगमगता म्हणाला, “हल्ली क्लायमेट चेंज आहे ना, मॅडम.”

वर्ग खो खो हसला. इतकी हजरजबाबी अक्कल असलेला मुलगा गावच्या नदीवर खरी दोन पानं सहज लिहू शकला असता, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी त्याची फाईल खिडकीतून बाहेर टाकायची तेवढी बाकी ठेवली.

पालक तर विचारूच नका. दादरच्या एक बाई, मोठ्या बँकेत अधिकारी, माझ्याकडे तणतणत आल्या. त्यांच्या मुलीला मी चौदा गुण दिले होते.

“चौदाच का? मी दोन रजा टाकल्या आहेत या प्रोजेक्टसाठी!”

“मग गुण तुम्हाला द्यायचे की तिला?”

“मॅडम, तिला एन्ट्रन्सचा क्लास असतो. ती हे असलं करत बसेल का?”

आपण काही वावगं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि ते गोडीत म्हणाले, “अहो, सोडा ना. सगळ्यांना अठराच्या वर द्या. आपल्या कॉलेजचाच निकाल आहे.” मी दिले नाहीत. चौदा म्हणजे चौदा. मी कडक म्हणून प्रसिद्ध होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मग एका वर्षी, सगळ्यांच्या आधी जमा झालेली ‘खाडीतील खारफुटी’ नावाची एक फाईल हातात आली. अकराव्या पानावर समासात लाल बरोबरची खूण होती, आणि ती खूण माझीच होती. म्हणजे जुना प्रकल्प आमच्याच रद्दीतून दुकानात गेला, कव्हर बदललं आणि फिरून माझ्या टेबलावर आला. त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गिरगावात जाऊन शिक्का करायला टाकला. तेव्हापासून तपासलेल्या प्रत्येक फाईलच्या प्रत्येक पानावर आडवा ‘रद्द’ आणि खाली माझी बारीक सही. बघू म्हटलं, आता कोण विकतो ते.

तेवढ्यावर मी थांबले नाही. तरातरा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला फैलावर घेतलं. तो पानं जुळवता जुळवता शांतपणे म्हणाला, “मॅडम, माझ्यावर कशाला भडकता? तिकडे कोण वाचत असतं, तर माझा धंदा चालला असता काय?”

मी त्याला निर्लज्ज म्हणाले आणि निघून आले. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात नवा नियम सांगितला. इंटरनेटवरचं चित्र चालणार नाही, झेरॉक्स चालणार नाही, पुरावा जोडायचा तो मूळ जोडायचा. तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. त्या मुलीला मी इथे प्राची म्हणते. भोईवाड्यातल्या एका जुन्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची, वर्गात सहसा तोंड न उघडणारी.

“मॅडम, ओरिजिनलच चिकटवायचं?”

“मराठीत सांगितलेलं कळत नाही का? ओरिजिनलच. झेरॉक्स दिसलं तर फाईल परत.”

ती खाली बसली.

पुढचं समजायला तपासणी कशी चालते ते सांगायला हवं. तीन तुकड्या, अडीचशेच्या आसपास फायली, आणि गुण भरायला चार दिवस. त्यातच पेपरांचं पर्यवेक्षण आणि प्राचार्यांच्या सभा. स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर फायलींची चळत लावायची, एका हातात लाल पेन धरायचं आणि दुसऱ्या हातात शिक्का. पान उलटलं की शिक्का, पान उलटलं की शिक्का. शेवटी हाताला लय सापडते. प्राचीची फाईल त्या चळतीतून गेली. त्यानंतर मी निवृत्त झाले.

वर्षभराने तिचा फोन आला. आवाज इतका हळू होता की मला दोनदा ‘कोण?’ म्हणून विचारावं लागलं.

त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. कुणाला नवं घर द्यायचं त्याची पात्रता यादी करायला माणसं दारोदार फिरली, ती नेमकी गणपतीत. प्राचीचं घर गावी गेलेलं. मुंबईत राहून गणपतीला गावी न जाणारा मालवणी माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण यादी करणाऱ्यांना ते कोण सांगणार? दाराला कुलूप बघून त्यांनी खोलीपुढे ‘बंद’ लिहिलं आणि पुढे गेले. आता नाव यादीत यावं म्हणून अर्ज केला होता, त्याच्या सुनावणीत जुना पुरावा हवा होता. घरमालक पावत्या देत नव्हता, त्याला कितीतरी वर्षं झाली. आजोबांच्या नावाची जुनी विजेची बिलं तेवढी होती. वीज कंपनीने इतकं जुनं दफ्तर आपल्याकडे नसल्याचं सांगितलं होतं.

“मग बिलं दे की नेऊन,” मी म्हणाले.

“मॅडम, ती प्रोजेक्टमध्ये चिकटवलीत. तुम्ही ओरिजिनल सांगितलेलं ना.”

माझ्या हातातला फोन मी या कानावरून त्या कानावर घेतला. फाईल मागायला ती कॉलेजात सहा वेळा जाऊन आली होती. कारकून दर वेळी आठ दिवसांनी ये म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. ज्या कारकुनाच्या मुलीला मी फुकट शिकवलं होतं, तोच खुर्चीतून न उठता म्हणाला, “मॅडम, तुम्ही आता रिटायर झालात ना?”

“झाले. मेले नाही अजून. किल्ली दे.”

“प्रिन्सिपल सरांचं लेटर लागेल.”

मग मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. किल्ली मिळाली. जिन्याखालच्या खोलीत मोडक्या लेझिमी, प्रजासत्ताक दिनाच्या पताका आणि सुतळीने बांधलेले फायलींचे गठ्ठे होते. रद्दीवाला त्या आठवड्यात यायचाच होता. प्राची आणि मी जमिनीवर बसून एकेक गठ्ठा सोडला. पाचव्या गठ्ठ्यात तिची फाईल निघाली, साधं खाकी कव्हर, त्यावर तिच्या अक्षरात ‘आमच्या खोलीतली वीज’.

मी ती उघडली. पानापानावर डाव्या बाजूला एकेक जुनं बिल, पिवळं पडलेलं, फेव्हिकॉलने गच्च चिकटवलेलं. आणि प्रत्येक बिलावर, आजोबांच्या नावावरून आणि तारखेवरून आडवा, लालभडक ‘रद्द’. खाली माझी सही.

प्राची माझ्याकडे बघत होती. “मॅडम, हे पुसता येईल का?” तिने विचारलं. मग म्हणाली, “ते परत द्याल का म्हणून तेव्हाच विचारणार होते. पण तुम्ही रागावता.”

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. तिचे आजोबा आले होते, ऐंशी ओलांडलेले, गिरणीत साचा खात्यात, मागांवर उमेद गेलेली, धुतलेला पांढरा सदरा घालून एका बाजूला बसलेले. समोर अधिकारी, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. बाजूला बिल्डरचा माणूस. त्याने फाईल दोन बोटांनी उलटली.

“सर, हे तर कॅन्सल्ड डॉक्युमेंट आहे. इथे लिहिलंय ना सरळ.”

मी उसळले. “विजेचं बिल रद्द करायचा अधिकार मला कुणी दिला? मी बाई आहे शिकवणारी. तो शिक्का प्रकल्पावर आहे.”

“शिक्का तर बिलावर आहे, मॅडम.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. मी साहेबांशी बोलतेय.”

अधिकारी शांत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि एकेक पान नीट उलटलं. बिलं सत्तावीस होती.

“मॅडम, एखाद्या पानावर चुकून पडला असता तर मी समजू शकलो असतो. सत्तावीस आहेत. हे कुणाचं तरी मूळ बिल आहे, हे तुम्हाला एकदाही दिसलं नाही?”

मला उत्तरं सुचत होती. कॉलेजचा नियमच होता म्हणावं. शिपायाने शिक्के मारले म्हणावं, तो बिचारा केव्हाच गावी निघून गेला होता. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यावर माणसाला चांगली थाप कशी असते ते कळतं. बाजूला प्राची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिच्याकडे बघितलं आणि माझ्याने खोटं बोलवेना.

“नाही दिसलं,” मी म्हणाले. “मी हा प्रकल्प वाचलाच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पानं उलटली, शिक्के मारले आणि शेवटी चौदा लिहिले. ज्यांचं कव्हर चकचकीत नव्हतं आणि अक्षर बरं होतं, अशांना मी चौदा देत असे.”

प्राचीने बोटावरची ओढणी सोडली.

“मला वाटलं माझा ग्राफ चुकला,” ती म्हणाली. “मी दोनदा काढलेला.”

आजोबा माझ्याकडे न बघताच बोलले, “चेडवान मागल्यान, मी दिलंय. माका वाटलां, बाई वाचतली.”

पोरीने मागितलं, मी दिलं. वाटलं, बाई वाचेल. नोकरीत मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले. प्राचार्य बोलले, पालक बोलले, त्या झेरॉक्सवाल्याने तर भर बाजारात सुनावलं. सगळ्यांना मी व्याजासकट परत दिलं. या माणसाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “आत्ता बोललात ते प्रतिज्ञापत्रावर द्याल?”

“देते.”

भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात. त्यांच्यातल्या एकाला मी मजकूर सांगायला लागले. ‘सदर बिलांवरील रद्द असा शिक्का मी मारलेला असून तसे करण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता. सदर प्रकल्प न वाचता...’ तिथे त्याची बोटं थांबली.

“मॅडम, ‘नजरचुकीने’ घालू काय? बरं दिसतं. सगळे तेच घालतात.”

“न वाचता.”

“तुमच्याच अंगाशी येईल, बघा.”

“यायलाच हवं. ‘न वाचता’ लिहा.”

त्याने लिहिलं. खाली सही करताना माझ्या लक्षात आलं, ती हुबेहूब बिलांवरच्यासारखी आली होती, तशीच बारीक आणि तशीच घाईची. शिक्का माझाच, हे पटायला अधिकाऱ्यांना त्या सहीचा उपयोग झाला असावा. पुढच्या सुनावणीत बिल्डरच्या माणसाने पुन्हा नाक मुरडून पाहिलं, पण तोपर्यंत माझं प्रतिज्ञापत्र फाईलला लागलं होतं. दोन महिन्यांनी सुधारित यादी लागली. आजोबांचं नाव तीत होतं आणि पुढे ‘पात्र’ लिहिलेलं होतं. प्राचीने फोन करून सांगितलं, पेढे घेऊन घरीही आली. माझ्याबद्दल तिच्या मनात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

फाईल मात्र सुनावणीच्या कार्यालयातच राहिली. पुरावा म्हणून दाखल झालेला कागद लवकर परत मिळत नाही. एका दुपारी मी तिथे गेले आणि मला ती फक्त वाचायची आहे असा रीतसर अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं, पण फाईल काढून दिली. त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून मी प्राचीचा प्रकल्प पहिल्यांदा वाचला.

त्या मुलीने पन्नास वर्षांची वीज मोजली होती. पहिल्या बिलाच्या वेळी खोलीत एकच बल्ब. पुढे पंखा आला, तेव्हा तिच्या बाबांचा जन्म झाला होता. मग टीव्ही, मग फ्रिज, मग मोबाइलचे चार्जर. प्रत्येक बिलासमोर त्या वर्षी घरात किती माणसं होती आणि कुठली नवी वस्तू आली ते लिहिलेलं. खाली जोडून वापरलेल्या युनिटांचा आलेख, हाताने काढलेला, वर वर चढत जाणारा. एकाच ठिकाणी तो एकदम खाली पडला होता, जवळजवळ तळाला. तिथे तिने बाण काढून लिहिलं होतं, ‘गिरण्यांचा संप’.

त्याबद्दल तिने आजोबांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. बल्ब होता, पण लावत नव्हतो. तुझी आजी दार उघडं ठेवायची आणि गॅलरीतल्या दिव्याच्या उजेडात तांदूळ निवडायची. गॅलरीचा दिवा मालकाचा होता.

मी परळमध्ये अठ्ठावीस वर्षं पर्यावरण शिकवत होते. ज्या वर्गात शिकवत होते तिथल्या निम्म्या मुलांच्या घरांत असा खाली पडलेला आलेख असणार. ‘आपल्या परिसराचं निरीक्षण करा’ असं मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. राजापूरला बर्फ पाडणाऱ्या मुलावर मी ओरडले, रजा टाकणाऱ्या आईवर ओरडले, आणि एका मुलीने मी सांगितलं ते सगळं, अगदी अक्षरशः, केलं तेव्हा ते बघायला मी नव्हते.

शेवटच्या पानावर निष्कर्ष होता, चारच ओळींचा. ‘वीज वाचवा असे पुस्तकात सांगतात. आमच्या घराने सर्वांत जास्त वीज संपाच्या काळात वाचवली. तशी वाचवायची वेळ कोणाच्याही घरावर येऊ नये, असे मला या प्रकल्पातून वाटले.’ या ओळींवरही माझा शिक्का होता. खाली गोल करून चौदा.

मी पर्समधून लाल पेन काढलं. निवृत्त झाले तरी पर्समध्ये लाल पेन असतंच. चौदावर काट मारायची आणि शेजारी वीस लिहायचे, एवढंच मनात होतं. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, निकाल लागून दोन वर्षं झाली होती. तरी मी टोपण काढलं.

“ओ मॅडम!” कारकून टेबलावरून ओरडला. “काय करताय? सरकारी कागद आहे तो. त्याच्यावर कोणाला काय लिहिता येत नाय.”

मी पेनाला टोपण लावलं आणि फाईल त्याच्या हातात दिली. चौदाचे चौदाच राहिले.